हत्तीची कबर, चिमणीचा दाणा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुलांना सुट्टी लागली की घरातल्या मोठ्यांची परीक्षा सुरू होते. आमच्याकडे ती दिवाळीत असते. मुलगी पुण्याहून येते, बरोबर नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. पहिला दिवस नानीच्या हातचं खाण्यात जातो, दुसरा मोबाइलवरून भांडण्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघंही माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहतात. "नाना, इथं बघायला काय आहे?"

गेल्या दिवाळीत हा प्रश्न आला तेव्हा माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते वापरून संपलेलं होतं. रणगाड्यांचं संग्रहालय. नगरला पाहुणा आला की त्याला आधी तिथंच नेतात, आणि त्यात गैर काही नाही. १९९४ साली लष्करानं उभारलेलं हे संग्रहालय मुलांना आवडतंच. १९६५च्या युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा समोर उभा पाहिला की मोठी माणसंही लहान होतात. पण नातवाचं ते दोनदा बघून झालं होतं. आता रणगाड्यांची नावं तोच मला सांगतो.

"ते सोडून काय?" तो म्हणाला.

मी गप्प राहिलो. मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या गावात जन्म गेला, ज्या गावावर कविता केल्या, त्या गावात दोन मुलांना चार दिवस हिंडवता येऊ नये? हे शहर काही कालचं नाही. १४९० साली मलिक अहमदनं बहमनी फौजेचा पराभव केला तो इथं. त्या विजयाची आठवण म्हणून त्यानं इथं आधी बाग केली आणि मग १४९४पासून शहर वसवायला घेतलं. २०२४पासून कागदोपत्री ते अहिल्यानगर आहे, त्याआधी अहमदनगर होतं, आणि एसटीचा कंडक्टर पहिल्यापासून नुसतं "नगर, नगर" असंच ओरडत आला आहे. शहराचा नकाशा मला पाठ होता. पण दर शुक्रवारी ज्या रस्त्यानं जायचं तो रस्ता माणूस बघत नाही, तसं माझं झालं होतं.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. बी.ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजांच्या काळातलं जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं होतं. त्यात बागरोज्याच्या वर्णनात एका हत्तीच्या कबरीचा उल्लेख होता. तेव्हा ठरवलं होतं, जाऊन बघू. त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली.

"हत्तीची कबर बघायची का?" मी विचारलं.

नात ताबडतोब चपला घालायला गेली.

बागरोजा शहराच्या वायव्येला, सीना नदीच्या अंगाला आहे. शहर वसवणाऱ्या पहिल्या अहमद निजामशहाची कबर तिथं आहे. काळ्या दगडाची चौकोनी इमारत, वर घुमट. गर्दी नसते. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय एक शेळी होती. त्याच आवारात दगडी चौथऱ्यावर एक लहानशी घुमटी आहे. ती गुलाम अली नावाच्या हत्तीची कबर, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. २३ जानेवारी १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा वृद्ध रामराया या हत्तीच्या तावडीत सापडला, आणि लढाई तिथंच फिरली, अशी कथा आहे.

नातीनं चौथऱ्याला प्रदक्षिणाच घातली. मग पावलं मोजली. तिची शंका साधी होती, एवढ्याशा जागेत हत्ती मावला कसा? "पाय दुमडून," तिच्या भावानं सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला.

"हत्तीनं पकडलं. मग पुढं काय झालं?"

मी जरा थांबलो. मुलांना इतिहास सांगताना असे थांबे येतात. पुढचं वाक्य गिळायचं की सांगायचं? नगरच्या हुसेन निजामशहासमोर रामरायाला आणलं आणि त्याचं डोकं उडवलं.

"त्याला मारलं," मी म्हणालो.

"हत्तीनं?"

"नाही. हत्तीनं फक्त धरलं. मारलं माणसांनी."

त्यानं मान डोलावली. त्याला हे पटल्यासारखं दिसलं. मग मी त्याला उरलेलं अर्धंही सांगितलं. लढाईच्या आधी काही वर्षं याच रामरायाच्या फौजा नगरवर चालून आल्या होत्या, आणि त्या वेळी त्याच्या जोडीला विजापूरचा आदिलशहा होता. १५६५मध्ये तोच आदिलशहा निजामशहाच्या बाजूनं रामरायावर गेला. एकाच माणसाची बाजू पाच-सात वर्षांत बदलली, हे ऐकून नातवाला क्रिकेटची आयपीएल आठवली. उपमा वाईट नव्हती.

परत येताना रिक्षात त्यानं मला तो प्रश्न विचारला. हळू आवाजात विचारला, म्हणजे तो बरेच दिवस खिशात असणार.

"नाना, निजामशहा आपले होते का?"

"आपले म्हणजे?"

"म्हणजे... आपले. वर्गातला एक मुलगा म्हणाला, ते तुमचे लोक होते."

मुलगी बाहेर बघू लागली. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. आता या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मी काही इतिहासकार नाही. पण वाचलेलं आठवत होतं तेवढं सांगितलं. फरिश्ता नावाचा एक इतिहासकार होऊन गेला. लहानपणी वडिलांबरोबर तो या नगरात आला, इथंच वाढला आणि नंतर विजापूरला गेला. तो लिहितो की मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा जन्मानं ब्राह्मण, लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला आणि सुलतानाच्या चाकरीत मुसलमान म्हणून वाढला. घराणं मूळचं पाथरीचं, तिथलं कुलकर्णीपद त्यांच्याकडे होतं. त्या पाथरीसाठी पुढच्या निजामशहानं वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाया केल्या. वाडवडिलांचं गाव आपल्या ताब्यात असावं म्हणून.

"पाथरी म्हणजे परभणीकडची?" रिक्षावाल्यानं मागं न बघता विचारलं.

"तीच."

"आमची सासुरवाडी आहे तिकडं."

नातवाचा प्रश्न तिथंच राहिला. पण त्याची गाठ थोडी सैल झाली असावी, कारण उतरताना त्यानं विचारलं, "मग कुलकर्ण्यांचे लोक का?"

दुसऱ्या दिवशी चांदबिबीचा महाल. इथं मला आधी एक कबुली द्यायची आहे. माझी मुलगी सात-आठ वर्षांची असताना मी तिला स्कूटरवर पुढं उभी करून तिथं नेलं होतं आणि सांगितलं होतं, इथं चांदबिबी राहायची. तिनं ते तसंच आपल्या मुलांना सांगितलं. चूक माझी, आणि ती तीन पिढ्या चालली. तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे. तो १५८९मध्ये वारला. शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्यानं दहा-बारा किलोमीटरवर एक उंच डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर ही तीन मजली अष्टकोनी इमारत उभी आहे. कबरी तळघरात आहेत. सात मजले चढवायचे होते म्हणजे वरून दौलताबाद दिसलं असतं, अशी एक दंतकथा आहे. इंग्रजांच्या अमदानीत आजारी गोऱ्या सोल्जरांना हवापालटासाठी इथं आणून ठेवत.

मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा म्हणाल तर नगरच्या आसपास मला हीच सगळ्यात जास्त आवडते. सकाळी लवकर जावं. पाणी बरोबर घ्यावं. इमारतीभोवती फिरणारी कमानींची ओवरी एवढी रुंद आहे की मुलं तिच्यात मनसोक्त धावतात, आणि आठ बाजू असल्यामुळं पकडापकडीत कोण कुठून येईल ते कळत नाही. जिना जाड भिंतीच्या पोटातून वर जातो, अरुंद आणि काळोखा. वर गेल्यावर लहानांचा हात सोडू नये. वारा असा असतो की बोललेलं दोन हातांवर ऐकू येत नाही. खाली नगर दिसतं. आम्ही आमचं घर शोधायचा प्रयत्न केला, सापडलं नाही. किल्ला मात्र झाडीच्या गोल ठिपक्यावरून ओळखू आला.

वर बसून मी मुलांना खऱ्या चांदबिबीची गोष्ट सांगितली. ती नगरची लेक आणि विजापूरची सून. हुसेन निजामशहाची मुलगी, अली आदिलशहाची बायको. नवरा गेल्यावर तिनं विजापूरचा कारभार सांभाळला, मग माहेरी आली. १५९५च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन नगरच्या किल्ल्याला भिडला. त्याला बोलावणं गेलं होतं ते नगरच्याच एका सरदाराकडून, आपापसांतल्या भांडणापायी. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. एक उडाला आणि तटाला भगदाड पडलं. माणसं पळायला लागली. तेव्हा ती बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन भगदाडात जाऊन उभी राहिली, आणि रातोरात तिनं तट पुन्हा बांधून काढला. गोळे संपले तेव्हा तोफांत तांब्याची नाणी भरली, मग चांदीची, मग सोन्याची, असंही सांगतात. ही गोष्ट किती खरी ते सोडा, पण मुलांना हाच भाग पुन्हा सांगावा लागतो. मुरादला तह करावा लागला. वऱ्हाड गेलं, नगर राहिलं.

"मग ती जिंकली," नात म्हणाली.

"तेव्हा जिंकली. चार वर्षांनी, १६००मध्ये, मोगल पुन्हा आले. या वेळी किल्ला टिकणार नाही, बोलणी करावीत, असं तिचं मत पडलं. ती फितूर झाली अशी आवई किल्ल्यातल्याच एकानं उठवली. आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला मारलं."

"म्हणजे आपल्याच लोकांनी?" नातू म्हणाला.

तो शब्द त्यानं स्वतः वापरला. कालचाच शब्द. मी काही बोललो नाही. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं मला दिसत होतं. मोगल आणि निजामशहा दोघंही मुसलमान. किल्ल्यात दख्खनी, हबशी, मराठे. चांदबिबी बाई, शिवाय विधवा. या सगळ्यांची दोन खात्यांत विभागणी करायला तो बसला होता आणि गणित सुटत नव्हतं. मला त्याला मदत करावीशी वाटली नाही.

जाता जाता एक. चांदबिबीच्या आईचं नाव खुंजा हुमायून. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं एक सचित्र फारसी काव्य आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. त्याची जुनी हस्तलिखित प्रत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रांत शहाशेजारी ही राणी बसलेली होती. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिच्यावर रंग फिरवला. पुढं मुलगा गादीवर आला, तेव्हा राज्य तीच चालवत होती, आणि मुलानंच तिला कैद केलं. म्हणजे आईला चित्रातून पुसलं, आणि मुलीला दुसऱ्याच्याच कबरीवर राणी करून बसवलं. सलाबतखानानं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. बिचाऱ्यानं शहराला पाणी आणणाऱ्या नळांची देखभाल केली. नगरला त्या काळी आसपासच्या गावांतून, कापूरवाडीकडून, भिंगारकडून, शहापूरकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी यायचं. रस्ता खणताना अजून कुठं कुठं तुकडे निघतात. त्याचं नाव मात्र रिक्षावाल्यालाही सांगून उपयोग नाही. "चांदबिबी महाल" म्हटलं तरच रिक्षा जाते.

याच सलाबतखानानं १५८३मध्ये फराहबागेतला महाल पुरा केला. तो आम्ही तिसऱ्या दिवशी जाताना बघितला, सोलापूर रस्त्याच्या अंगाला. तळ्याच्या मधोमध बांधलेला, पाण्यावरून वारा यावा आणि आत गारवा राहावा म्हणून. बहुतेक वर्षभर तळ्यात पाणी नसतं, त्यामुळं महाल शेतात विसरलेल्या पेटीसारखा दिसतो. आत उंच दालन आहे. मुलांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, पारवे उडाले. मूर्तजा निजामशहा राज्यकारभार टाकून इथं बुद्धिबळ खेळत बसायचा म्हणतात. तिथं फार वेळ लागत नाही.

आणि मग किल्ला.

किल्ल्याआधी त्याच बाजूला असलेली दमडी मशीद दाखवली. लहानशी, दगडी कोरीवकामाची, १५६७ मधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी काढून ठेवली आणि त्यातून ही उभी राहिली, अशी कथा आहे. मुलांना दमडी म्हणजे काय ते समजावताना माझी त्रेधा उडाली. रुपया, आणा, पैसा, आणि पैशाचाही बारका तुकडा. शेवटी नातू म्हणाला, "म्हणजे चॉकलेटचा कागदसुद्धा येणार नाही." मग दोघांनी भिंतीवरची कोरलेली फुलं बोटांनी गिरवली. नातीचं म्हणणं पडलं की एका दमडीला एक पाकळी. हे गॅझेटियरमध्ये नाही, पण मला ते जास्त बरोबर वाटतं.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवावं आणि दारावर जे सांगतील ते ऐकावं. खंदक, गोल फिरलेला तट, बुरूज, हे सगळं मुलांना आवडतंच. हुसेन निजामशहानं १५५९ नंतर मातीच्या तटाच्या जागी हा दगडी तट बांधायला घेतला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी तो वेलस्लीनं घेतला, आणि पुढं तो कैद्यांसाठीच जास्त वापरला गेला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना इथं आणलं. बाराजण होते. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, आणि इतर. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं १९४४ साली पाच महिन्यांत लिहिलं, ही गोष्ट नगरचं पोरगंही सांगतं. मुलांना त्यातलं दुसरंच काही आवडतं. नेहरूंनी इथं बागेसाठी जमीन खणायला घेतली. कुदळ मारली की विटा, दगड. खाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागायला लागले. फार खोल जायला तुरुंगवाल्यांची परवानगी नव्हती. भारताचा शोध घ्यायला बसलेल्या माणसाच्या कुदळीखाली पहिल्यांदा निजामशाहीच आली. हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. आणि चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मेली, हेही लिहिलं आहे. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्यांना पण माहीत होतं?"

पण मी मुलांना तिथं नेलं ते मौलाना आझादांच्या चिमण्यांसाठी.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत. स्वतःचा चहा स्वतः करत, बिनदुधाचा, चमेलीचा वास असलेला चिनी चहा. आणि त्या वेळी आपल्या एका मित्राला, नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रं लिहीत. पत्रं बाहेर जाणार नव्हती हे दोन्ही बाजूंना पाठ होतं. तीच पुढं १९४६मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली. आमच्या घरी त्या पुस्तकाची एक सुटी झालेली प्रत आहे, वडिलांची. त्यात चिमण्यांवरचं एक पत्र आहे.

मौलानांच्या खोलीच्या छताशी चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या आणि कचरा खाली. मौलानांनी लढाई पुकारली. आधी छत्री घेतली, मग बांबू. चिमण्या पळाल्या. विजय झाला असं वाटेपर्यंत परत हजर. शेवटी मौलानांनी शरणागती पत्करली आणि तहाच्या वाटाघाटी सुरू केल्या. सतरंजीवर तांदळाचे दाणे टाकले. स्वतः पुतळ्यासारखे बसून राहिले. चिमण्या आधी लांबून, मग जवळून, मग पार बोटांपर्यंत. हळूहळू ओळख वाढली, मौलानांनी त्यांना नावंही ठेवली. वादावादी करणाऱ्या एका गलेलठ्ठ चिमण्याला मुल्ला, एका बेधडकाला कलंदर. ज्या माणसाला इंग्रज सरकार घाबरत होतं, तो माणूस एक चिमणी हातावर बसावी म्हणून श्वास रोखून बसला होता.

किल्ल्यात उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा नातीनं वर छताकडे पाहिलं. घरटं नव्हतं. ती जराशी हिरमुसली.

याच्या पुढचं मात्र मी मुलांना सांगितलं नाही. मुलीला सांगितलं, मुलं जरा पुढं गेल्यावर. ते पत्र मार्च १९४३चं. ९ एप्रिलला कलकत्त्यात मौलानांची पत्नी जुलेखा बेगम गेली. बरेच दिवस आजारी होत्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं सुचवून पाहिलं होतं, सरकारकडे काही मागणं असेल तर कळवतो. मौलानांनी मागितलं नाही. भेट झाली नाही. त्यानंतरच्या पत्रात ते लिहितात की आवारात एक जुनी कबर आहे, कुणाची आहे माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजर पडली असेल, पण आता ती बघताना एक वेगळाच जिव्हाळा वाटायला लागला आहे. शेजारून जाणारा परका माणूस एकाएकी नात्यातला निघावा, तसं.

मुलगी काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "अब्बा, हे मला लहानपणी का नाही सांगितलंत?"

मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच खरं उत्तर. चांदबिबीचा महाल दाखवून मी आपलं कर्तव्य केलं होतं.

तर मंडळी, चार दिवसांत खर्च झाला तो रिक्षाचा, पाण्याच्या बाटल्यांचा आणि भडंगाच्या दोन पुड्यांचा. तुमचं गाव नगर नसेल, तरी तुमच्या गावातही एखादी चुकीच्या नावानं ओळखली जाणारी इमारत असेल, एखादा विसरलेला हत्ती असेल. मात्र जाण्यापूर्वी स्वतः थोडं वाचून जावं, नाहीतर माझ्यासारखं होतं आणि पंचवीस वर्षांनी नातवासमोर दुरुस्ती द्यावी लागते.

किल्ल्यावरून आलो त्या संध्याकाळी नात स्वयंपाकघरात गेली आणि मूठभर तांदूळ घेऊन गॅलरीत बसली. नानीनं तांदूळ कशाला म्हणून विचारलं, तर "शूः" म्हणाली. तळहातावर दाणे ठेवले, हात पुढं धरला आणि हलली नाही. आमच्या गल्लीत चिमण्या अजून आहेत, पूर्वीइतक्या नाहीत. समोरच्या तारेवर दोन बसल्या होत्या. बघत होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हात अवघडला तेव्हा तिनं तो दुसऱ्या हातानं उचलून धरला. चिमणी आली नाही. अंधार पडल्यावर तिनं दाणे कठड्यावर ओळीनं मांडून ठेवले.

सकाळी त्यांची गाडी होती. निघण्याच्या गडबडीत दोघंही गॅलरीत गेली. कठड्यावर दाणे नव्हते.

"कलंदर येऊन गेला," नात म्हणाली.

"मुंग्यांनी नेले," नातू म्हणाला.

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. पिशव्या उचलल्या आणि रिक्षा बघायला खाली उतरलो.